आरएफ १००-४०० ला टेलिकन्व्हर्टर लावावा का? (थोडं लांबलं, चालवून घ्या)

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे मी बरोबर समजलो की नाही तेही कळेल आणि बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्याजवळ कॅनन आर७ बॉडी आणि आरएफ माउंटचा (कॅननच्या आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांच्या जोडणीचा) १००-४०० मिलीमीटर लेन्स आहे. गाव गोंदियाजवळ, बांधीत (धानाच्या शेतात) सारस उतरतात पण ४०० लावूनही फ्रेममध्ये बोटभरच दिसतात. वर्षातून दोन-तीनदा नागझिरा नाहीतर ताडोबा होते. म्हणून लेन्सची लांबी १.४ पट करणारा १.४ एक्स कन्व्हर्टर घेऊ की सरळ दुप्पट करणारा २ एक्स घेऊ असं विचारून राहिले. त्यात आणखी तीन शेपट्या आहेत: पुढं लग्नाच्या कामाला आरएफ ७०-२०० घ्यायचा आहे तर त्यालाही हाच चालून पैसे वसूल होतील ना, जुना ईएफ माउंटचा (कॅननच्या आरसावाल्या डीएसएलआरच्या जोडणीचा) सिग्मा १५०-६०० अ‍ॅडॉप्टरवर लावता त्याच्या मधात हा बसेल का, आणि सोनीवाल्या मित्रानं त्याच्या सिग्मा १५०-६०० साठी कोणता घ्यावा.

माझं म्हणाल तर साकोलीला स्टुडिओ आहे, पोट लग्नांवर चालतं, लगीनसराई संपली की जंगल आणि तलाव. आजवर कन्व्हर्टर तीन घेतले आणि त्यातले दोन विकले, म्हणजे या विषयात माझी फी भरून झालेली आहे असं समजा.

तुमच्या लेन्सला १.४ पण बसतो, २ एक्स पण बसतो, पूर्ण झूममध्ये चालतो आणि आर७ वर ऑटोफोकसही होतो. तरी तुमच्या जागी मी दोन्हीपैकी एकही घेणार नाही. काहून, ते सांगतो, पण तुमचं काम थोडं वेगळं असलं तर उत्तर बदलू शकतं, ते कुठं बदलतं तेही सांगतो.

आधी बसण्याचं बघू, कारण लोक तिथंच फसतात. कन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मधात बसणारं भिंग. मिररलेसवाल्यांचे (आरसा नसलेले कॅमेरे, आर७ त्यातलाच) स्वतःचे जे कन्व्हर्टर आहेत त्यांचं पुढचं भिंग नाकासारखं बाहेर आलेलं असतं आणि ते लेन्सच्या मागच्या पोकळीत शिरतं. आता ही पोकळी असली तर ठीक, नसली तर काच काचेला भिडणार. डीएसएलआरमध्ये आरशाला जागा लागायची म्हणून माउंटपासून सेन्सर लांब असायचा, कॅनन ईएफमध्ये ४४ मिलीमीटर, निकॉन एफमध्ये ४६.५. मिररलेसमध्ये आरसाच गेला, त्यामुळे आरएफमध्ये २०, सोनी ई मध्ये १८ आणि निकॉन झेडमध्ये १६ मिलीमीटर एवढंच अंतर उरलं. मग डिझाइनवाल्यांनी या जागेचा फायदा घेऊन भिंगं पार मागं, सेन्सरजवळ नेली, लेन्स छोटे झाले, हलके झाले, पण मागची पोकळी गेली. २०१९ चा जो पहिला आरएफ ७०-२०० एफ २.८ आहे (एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त), तो लांब होणारा आखूडसा, त्याला एक्स्टेंडर (कॅनन कन्व्हर्टरला हेच म्हणते) बसतच नाही ते याच्यामुळं. आरएफ ७०-२०० एफ ४ चंही तेच. २०२४ मध्ये जो एफ २.८ चा झेड नावाचा नवा आला, आतल्या आत झूम होणारा, त्याला मात्र दोन्ही बसतात. म्हणजे लग्नासाठी कोणता ७०-२०० घेता यावर तुमची पहिली शेपटी अवलंबून आहे, आणि जुना सेकंडहँड स्वस्तात मिळून राहिला म्हणून घ्याल तर कन्व्हर्टरचे पैसे तिथं वसूल होणार नाहीत. दुकानदार "हो ना सगळ्याला बसते" म्हणतो त्याच्यावर जाऊ नका, कंपनीच्या साइटवर त्या लेन्सच्या पानावर एक्स्टेंडर चालतो की नाही लिहिलेलं असतं, ते वाचा. आणि बसत नसलेला जोर लावून बसवायचा तर अजिबात नाही.

ईएफचा सिग्मा अ‍ॅडॉप्टरवर आहे त्याला आरएफचा एक्स्टेंडर नाही जमत. तिथं क्रम वेगळा लागतो: बॉडी, मग अ‍ॅडॉप्टर, मग ईएफ माउंटचा कन्व्हर्टर, मग लेन्स. म्हणजे कन्व्हर्टर जुन्या घराण्याचा पाहिजे, त्या सिग्मासाठी सिग्माचाच टीसी-१४०१ येतो. निकॉनवाल्यांचंही असंच आहे, जुना २००-५०० एफटीझेडवर (निकॉनच्या अ‍ॅडॉप्टरवर) लावता तर मधात टीसी-१४ई ३ लागतो, झेडचा कन्व्हर्टर एफटीझेडला चालत नाही. ५०० चा ७०० होतो आणि ५.६ चा एफ ८. पण तुमच्या सिग्मावर हिशोब बघा, ६०० ला तो एफ ६.३ आहे, १.४ लावला की ८४० आणि एफ ९. आर७ चा सेन्सर लहान, चित्राचा मधलाच भाग घेते, त्या क्रॉपनं ते १३४० च्या वर गेल्यासारखं होते. एवढ्या लांबीवर हातात धरून फोटो काढणं म्हणजे मोटरसायकलवर बसून सुईत दोरा ओवणं. लेन्स तुमच्या घरात आहेच, तर आधी तो नुसता ६०० वर नीट वापरून बघा असं माझं मत, यावर खाली परत येतो.

सोनीवाल्या मित्राला सांगा की त्याच्यासाठी कन्व्हर्टर नाही. म्हणजे सोनीचे १.४ आणि २ एक्स आहेत आणि सोनीच्याच २००-६००, १००-४०० जीएम असल्यांना चालतात, पण ई माउंटमधल्या सिग्मा-टॅमरॉनला ते चालत नाहीत. गंमत अशी की सिग्माचा तोच १५०-६०० डीजी डीएन एल माउंटमध्ये घेतला तर सिग्माचेच कन्व्हर्टर त्याला लागतात. लेन्स तोच, भिंगं तीच, फक्त मागची रिंग वेगळी. सोनीवर थर्ड पार्टी लेन्सला बर्स्टही सेकंदाला १५ फोटोंपर्यंतच मिळतो. त्याला राग येईल, येऊ द्या, पण सात-आठ हजाराचं कुठलं तरी बिनचिपचं नळकांडं ऑनलाइन मागवू नका म्हणा.

आता खरा मुद्दा, प्रकाश. तुमचा लेन्स ४०० ला एफ ८ आहे. एफ ८ म्हणजे काय, तर ४०० भागिले ८, पन्नास मिलीमीटरचं भोक. कन्व्हर्टर लावल्यानं हे भोक काही मोठं होत नाही, ते पन्नासच राहते, लांबी मात्र ५६० झाली. ५६० भागिले पन्नास, एफ ११. २ एक्स लावला तर ८०० भागिले पन्नास, एफ १६. तेवढाच उजेड दुप्पट नाहीतर चौपट जागेवर पसरवला, पातळ भाजीत पाणी ओतल्यासारखं. १.४ नं एक स्टॉप गेला (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), २ एक्सनं दोन. जुन्या डीएसएलआरमध्ये एफ ५.६ च्या पुढं, फार तर मधल्या पॉइंटवर एफ ८ च्या पुढं, ऑटोफोकस बसूनच जायचा. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच होतो म्हणून एफ ११ ला पण होतो, कॅननवाले तर एफ २२ पर्यंत होतो म्हणतात आणि होतो पण. पण "होतो" आणि "सकाळी साडेसहाला बांबूच्या बेटात होतो" यात फरक आहे.

डिसेंबरातली नागझिऱ्यातली सकाळ घ्या. गेट उघडलं, धुकं, ऐन आणि सागाच्या खाली अंधारच, रानगव्यांचा कळप रस्त्याच्या कडेला. एफ ८ ला शटर सेकंदाचा ३२० वा भाग ठेवून आयएसओ (हा आकडा वाढला की फोटोत दाणे वाढतात) ३२०० येते समजा. १.४ लावला की तोच फोटो ६४०० ला. २ एक्सनं १२८००. वर लांबी वाढली म्हणून शटरही वाढवावं लागते, ५६० च्या लेन्सला आर७ वर जवळपास ९०० चा अँगल आहे, गवा मान हलवणार, तर ३२० पुरत नाही, ६४० घ्या, म्हणजे अजून एक स्टॉप. गव्याचा काळा रंग त्या आयएसओला कसा येते माहीत आहे ना, भिजलेल्या कोळशावर रांगोळी सांडल्यासारखा. मी असे फोटो काढून डिलीट केले आहेत, शेकड्यानं.

दुसरं म्हणजे आर७ चे पिक्सेल फार बारीक आहेत, ३२.५ मेगापिक्सेल एवढ्याशा सेन्सरवर. बारीक पिक्सेलला भोक लहान झालं की डिफ्रॅक्शन (लहान भोकातून उजेड पसरणं) लवकर दिसते, एफ ८ च्या पुढं धार हळूहळू मऊ होत जाते. एफ ११ ला अजून चालवून घेता येते, एफ १६ ला पिसं पिसांसारखी राहत नाहीत. आणि कन्व्हर्टर लेन्सनं बनवलेल्या चित्राचा मधला तुकडाच मोठा करते, त्यात लेन्सच्या चुकाही मोठ्या होतात. म्हणून ४०० एफ २.८ किंवा ६०० एफ ४ असल्या पांढऱ्या हत्तींवर कन्व्हर्टर शोभते, त्यांच्याजवळ धारही जास्तीची आहे आणि उजेडही. आपल्या एफ ८ वाल्या हलक्या लेन्सजवळ दोन्हीची श्रीमंती नाही. लेन्स वाईट आहे असं नाही हं, ६३५ ग्रॅममध्ये तो जे देते ते मला आवडते, मी स्वतः पोट्ट्याला तोच घेऊन दिला.

मग क्रॉप करा ना. ३२.५ मेगापिक्सेलमधून १.४ एवढा क्रॉप केला तर साडेसोळा मेगापिक्सेल उरतात, लांब बाजू पाच हजार पिक्सेलच्या जवळ. १२ बाय १८ चा प्रिंट आरामात निघते, माझ्या स्टुडिओत रोज काढतो तेच माप आहे. आणि तो फोटो ३२०० चा, ६४०० चा नाही.

सारसाचं मात्र थोडं वेगळं आहे, तिथं माणसाला वाटते की क्रॉपनं भागणार नाही. चला हिशोब करू. सारस उभा राहिला की पाच फुटाच्या आसपास, कधी त्याहून उंच. तीनशे मीटरवर असला तर ४०० मिलीमीटरला आर७ च्या फ्रेमच्या उंचीचा साधारण सातवा हिस्सा भरते. १.४ नं तो पाचवा हिस्सा होते. बस. सातव्याच्या जागी पाचवा, एवढ्यासाठी एक स्टॉप आणि एवढे पैसे. तीनशेचं अंतर सव्वादोनशेच्या खाली आणलं तर तेवढाच मोठा होते, फुकटात. आता तुम्ही म्हणाल जवळ गेलो तर उडून जाते. पायी धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) गेलात तर उडणारच, पण गावातल्या शेतकऱ्याला सारस घाबरत नाही हे तुम्ही पाहिलं असेल, रोवणी चालू असते आणि जोडी दोन बांध्या सोडून चरत असते. ज्याची बांधी आहे त्याला विचारून, धुऱ्यावरच्या झाडाखाली पहाटे अंधारात जाऊन बसा, हिरवट कपडे, हलायचं नाही. सात वाजेपर्यंत जोडी स्वतःच चरत चरत तुमच्याकडे येते. घरटं दिसलं तर मात्र तिथून निघायचं, अंडी असताना जोडी उठवली की काय होते ते मी सांगायची गरज नाही. आणि पऱ्ह्यात (धानाच्या रोपांत) पाय देऊ नका बाप्पा, दुसऱ्या दिवशी तो शेतकरी कॅमेरेवाल्याला ओळख देत नाही.

आणि तीनशे मीटरवरून घेतलेला फोटो खराब का येते यात लेन्सचा दोष नसतोच बहुतेक वेळा. हवा असते मधात. एप्रिल-मे मध्ये दहा वाजले की कापलेल्या धानाच्या बांधीवरून झळा उठतात, डोळ्यालाही थरथरताना दिसतात. त्या झळांमधून ६०० नं काढा, ८०० नं काढा, दोन लाखाच्या लेन्सनं काढा, पक्षी पाण्यात बुडवून काढल्यासारखाच येणार. कन्व्हर्टर त्या थरथरीलाही १.४ नं मोठं करते. माझ्याकडे एक ओळखीचा आला होता, नवा कन्व्हर्टर खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडून आलेला. फोटो बघितले, सगळे दुपारी बाराचे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझ्यासोबत तलावावर नेला, साठ फुटांवरच्या खंड्याचे फोटो काढले, चोचीवरची रेघ मोजता येत होती. त्याच कन्व्हर्टरनं. हिवाळ्यात याचा उलटा प्रकार होते, गाडीत हीटर चालू आणि काच खाली करून लेन्स बाहेर, गरम हवा लेन्सच्या तोंडासमोरून जाते आणि फोटो मऊ. हीटर बंद करा, दोन मिनिटं थांबा.

एक माझी फजिती सांगतो, कन्व्हर्टरचा असा त्रास स्पेसिफिकेशनमध्ये वाचून समजत नाही. ताडोबाला मोहर्ली गेटनं गेलो होतो, आर७ वर एका मित्राचा आरएफ १००-५०० आणि १.४. या लेन्सला एक्स्टेंडर फक्त ३०० ते ५०० मध्येच चालते, ३०० च्या खाली नळी आत येतच नाही, म्हणजे माझ्या हातात होता ४२० ते ७००, एफ १० पर्यंत. सकाळी पाणवठ्यावर वाघीण लांब बसलेली, मजा आली, म्हटलं वा. परत येताना वळणावर तीच वाघीण रस्त्यावर, आडवी, जिप्सीपासून वीस फूट. कमीत कमी ४२०. वीस फुटांवर त्या लांबीला फ्रेममध्ये जेमतेम फूटभर रुंदीचा वाघ मावते. माझ्याकडे त्या दिवसाचे चाळीस फोटो आहेत, सगळे पट्ट्यांचे, एकात अर्धा कान. पोट्टे मोबाइलवर बघून म्हणतात मामा चादर आहे का. मग घाईत मांडीवरच कन्व्हर्टर काढला, पुढची जिप्सी धूळ उडवत उभी, मिररलेसला सेन्सरच्या पुढं आरसा नाही, सरळ उघडा. लेन्स बसेपर्यंत वाघीण बांबूत. आणि धुळीचा एक कण सेन्सरवर, त्यानंतरच्या दोन लग्नांत आभाळाच्या प्रत्येक फोटोत डाव्या कोपऱ्यात काळा ठिपका, एफ ११ ला तर ठसठशीत, कारण भोक लहान तेवढी धूळ जास्त दिसते. तुमच्या १००-४०० ला हा झूमचा अडथळा नाही, १४० ते ५६० पूर्ण मिळते, ते त्याच्या बाजूनं बोललं पाहिजे. पण सफारीत कन्व्हर्टर लावायचा तर गेटबाहेर ठरवून लावा, आत गेल्यावर लावकाढ नाही, खाली तर उतरताही येत नाही.

म्हणजे घ्यायचाच नाही का? असं नाही. तुमचं मुख्य काम जर तलावावरचं असेल, सकाळी साडेसात ते साडेनऊ, स्वच्छ ऊन, पक्षी बसलेला, ट्रायपॉड किंवा बीनबॅग, तर एफ ११ चालते. फुलपाखरं, चतुर, सरडे काढत असाल तर अजूनच चालते, कारण कन्व्हर्टर लावूनही जवळच्या फोकसचं अंतर तेवढंच राहते आणि चित्र १.४ पट मोठं येते, आणि तसंही तिथं एफ ११ लागतोच. हे एक काम असं आहे की ज्यासाठी मी माझा तिसरा कन्व्हर्टर अजून ठेवला आहे. अशा वेळी १.४ घ्या. २ एक्स तुमच्या लेन्सवर, माझं स्पष्ट मत, चंद्राचे फोटो काढायला ठीक.

घेण्याआधी एक दिवस भाड्यानं आणा, नागपूरला मिळते. घरी ही परीक्षा करा: भिंतीवरची दिनदर्शिका काढून अंगणाच्या त्या टोकाला, पन्नास फुटांवर, सकाळच्या उन्हात टांगा. ट्रायपॉड, दोन सेकंदाचा टायमर, स्टॅबिलायझर बंद. एक फोटो ४०० एफ ८ नं, एक कन्व्हर्टर लावून ५६० एफ ११ नं. मग पहिला फोटो कॉम्प्युटरवर ताणून दुसऱ्याएवढा मोठा करा आणि चौकटीतली तिथी-नक्षत्राची बारीक अक्षरं वाचून बघा. दुसऱ्यात एखादं तरी अक्षर जास्त वाचता आलं तर कन्व्हर्टर काही देते. दोन्हीत सारखंच "चतुर्थी की चतुर्दशी" होत असेल तर तुम्हाला फक्त मोठी फाइल मिळून राहिली. हीच परीक्षा त्याच दिवशी संध्याकाळी सहाला परत करा, आपलं जंगल त्या उजेडात असते.

आणि घरातला सिग्मा १५०-६०० विसरू नका. ६०० ला एफ ६.३ म्हणजे तुमच्या १००-४०० अधिक १.४ पेक्षा लांबी जास्त आणि उजेड दीड स्टॉपच्या वर जास्त, तोही कन्व्हर्टर न लावता. जड आहे, मान्य, पण जिप्सीच्या दांड्यावर बीनबॅग टाकली की वजन कोणाला. बीनबॅग विकत घेऊ नका, जुन्या जीन्सचा पाय कापून शिवून त्यात तांदूळ भरा, तांदळाची आपल्याकडे काय कमी. कन्व्हर्टरचे पैसे बाजूला टाका आणि दोन-तीन सीझननी आरएफ २००-८०० नाहीतर सेकंडहँड १००-५०० कडे बघा. २००-८०० आठशेला एफ ९ देते, म्हणजे तुमचा २ एक्सवाला जुगाड जिथं एफ १६ ला पोचते तिथं हा दीड स्टॉपच्या वर उजेड घेऊन पोचते.

तुम्ही फोटोसोबत आयएसओ आणि वेळ टाकली नाही. सारसाचे जे दोन-चार फोटो आवडले नाहीत ते सेटिंगसकट टाका, किती वाजताचे आणि किती लांबून हेही लिहा. मला वाटते त्यातले निम्मे झळांचे निघतील.